फ्रान्सचा किनारा मोटरहोमने करायचाय, रात्री गाडी नक्की लावायची कुठे?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी, जूनमध्ये पंधरा दिवस मोटरहोम भाड्याने घेऊन फ्रान्सचा किनारा करायचं चाललंय. आम्ही पाच जण, मी, बायको, तीन वर्षांचा लेक आणि नाशिकहून येणारे आई-बाबा. बाबांचे गुडघे गेलेत, रोज नवीन हॉटेल आणि रोज बॅगा चढवा-उतरवा हे आता त्यांच्याच्याने होत नाही, आणि आईला दोन दिवसांच्या वर बाहेरचं जेवण जात नाही, म्हणून घरच बरोबर घेऊन जाऊ असं ठरलं. पोर्ट्समथहून रात्रीची फेरी, सकाळी उईस्त्रेआमला उतरायचं, मग नॉर्मंडीचे किनारे, मों-सें-मिशेल (समुद्रातल्या डोंगरावरचा मठ), सें-मालो, ब्रिटनी जमेल तेवढी आणि रोस्कोफहून प्लिमथला परत.

गाडी सहा बर्थची, ७ मीटर लांब, उंची ३ मीटरच्या थोडी वर. इकडे इंग्लंडमध्ये लायसन्स २०१६ मध्ये काढलं, ट्रान्झिट व्हॅन दोन-तीनदा चालवलीय, मोटरहोम पहिल्यांदाच.

माझा खरा प्रश्न रात्रीचा आहे. व्हिडिओत बघावं तर लोक दार उघडतात आणि समोर समुद्र, गाडी थेट वाळूच्या कडेला. ऑफिसमधला एक जण म्हणतो फ्रान्समध्ये कुठेही लावा कोणी विचारत नाही, दुसरा म्हणतो किनाऱ्यावर लावली की पहाटे पोलीस येऊन पावती फाडतात. खरं काय? कॅम्पसाइट आधीपासून बुक करून ठेवायच्या का रोजच्या रोज शोधायचं? आई-बाबा बरोबर असताना रात्री दहाला जागा शोधत फिरायचं नाहीये एवढंच.

नांतवासी

दोघंही अर्धं अर्धं खरं सांगतायत. आम्ही नांतला राहतो, सहा वर्षांपासून सेकंडहँड मोटरहोम आहे, वर्षाचे चाळीसेक दिवस तरी तिच्यात झोपतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा, इथल्या कायद्यात गाडी उभी करणं वेगळं आणि कॅम्पिंग करणं वेगळं. मोटरहोम ही रस्त्यावर इतर गाडीसारखीच, जिथे कारला लावता येते आणि मोटरहोमला बंदीची पाटी नाही तिथे तुम्ही लावू शकता आणि आत काय करताय, जेवताय का झोपताय, ह्याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. पण बाहेर खुर्च्या टाकल्या, छत ओढलं, टेबल मांडलं की ते कॅम्पिंग झालं, आणि समुद्राच्या काठावर कॅम्पिंगला बंदी आहे. त्यात प्रत्येक गावाच्या महापौराला स्वतःचा आदेश काढायचा अधिकार असतो, म्हणून किनाऱ्यावरच्या गावात शिरताशिरता पाट्या वाचायच्या, मोटरहोमचं चित्र आणि त्याखाली वेळ, म्हणजे रात्री बंदी, दिवसा चालेल असं काहीतरी. आणि बीचच्या पार्किंगला बहुतेक ठिकाणी आडवा लोखंडी दांडा असतो, २ मीटरच्या आसपास, तुमची गाडी त्याखालून जायचा प्रश्नच नाही. व्हिडिओतला दार-उघडलं-की-समुद्र कधीकधी मिळतो, नाही असं नाही, पण त्याच्यावर आई-बाबांची रात्र अवलंबून ठेवू नका.

पहिल्या वर्षी आम्हीही हेच केलं होतं. छोटं गाव, समुद्राला लागून पार्किंग, दांडा नव्हता, आणखी तीन मोटरहोम उभ्या होत्या म्हणून आम्हीही लावली. सकाळी साडेसहाला दारावर टकटक. नगरपालिकेचे दोन पोलीस, अगदी नम्र, बोंजूर वगैरे करून आम्हाला खाली उतरवून पाटी दाखवली, ती एंट्रीला झाडाच्या फांदीआड होती आणि अंधारात आम्ही ती बघितलीच नव्हती. दंड नाही केला पण दहा मिनिटांत निघा म्हणाले, लेकीला पांघरुणासकट सीटवर बांधली आणि निघालो. त्या दिवसापासून आमच्याकडे एकच नियम, संध्याकाळी चारच्या आत जागेवर पोहोचायचं आणि उजेडात पार्किंगला एक फेरी चालत मारायची. दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या आहेत ही परवानगी समजायची नाही.

आता लावायची कुठे. तुम्हाला शब्द लागेल तो 'एर', म्हणजे मोटरहोमसाठीच ठेवलेली जागा. फ्रान्सभर अशा हजारो जागा आहेत, बहुतेक नगरपालिकांच्याच, कारण मोटरहोमवाला सकाळी त्यांच्याच गावात पाव घेतो, बाजार करतो. काही फुकट, बाकीच्या साधारण १५ युरोपर्यंत, किनाऱ्याला सीझनमध्ये थोडं जास्त. जागा आखलेली असते, डांबर किंवा खडी, शेजारच्या गाडीत हात घालता येईल इतकं अंतर कधीकधी. शोभा नसते, पण रात्री शांत झोप लागते आणि पाच मिनिटांवर गाव असतं.

'काँपिंग-कार पार्क' नावाचं एक नेटवर्क आहे, त्यांचं कार्ड आधी घेऊन ठेवा, ते ५ युरोच्या आसपास पडतं, मग त्यात पैसे भरायचे आणि गेटला दाखवलं की दांडा वर. २४ तासांचा हिशोब, बहुतेक ठिकाणी वीज आणि पाणी त्यातच. त्यांच्या ॲपवर कुठल्या एरमध्ये आत्ता किती जागा रिकाम्या आहेत ते दिसतं, आणि आई-बाबा बरोबर असताना हीच गोष्ट सगळ्यात कामाची. दुसरं ॲप म्हणजे पार्कफोरनाइट, त्यात लोक स्वतः जागा टाकतात, त्यामुळे खाली अलीकडच्या महिन्यातल्या कमेंट वाचल्याशिवाय जायचं नाही, मागच्या वर्षी चालत होतं तिथे ह्या वर्षी दांडा लागलेला असतो.

आणि तिसरा प्रकार माझा सगळ्यात आवडता, 'फ्रान्स पासिओं'. वर्षाची वर्गणी भरायची, स्टिकर काचेला लावायचा, मग द्राक्षमळेवाले, सफरचंदाची सायडर करणारे, चीज करणारे शेतकरी त्यांच्या अंगणात एक रात्र फुकट राहू देतात. काही विकत घेतलंच पाहिजे असं बंधन नाही, पण गेल्यागेल्या आधी घरात जाऊन भेटायचं आणि बोंजूर म्हणायचं, हे बंधन मात्र आहे. गाडीत स्वतःचा टॉयलेट हवा कारण तिथे सोय नसते. आम्ही कालवं पिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या आवारात राहिलो होतो, ओहोटीला ट्रॅक्टर घेऊन ते दोघं खाडीत उतरायचे आणि जाळीच्या पिशव्या उलट्या करून परत लावायचे. लेकीला त्यांनी ट्रॅक्टरवर बसवलं. निघताना आजीने एक डझन कालवं वर्तमानपत्रात बांधून दिली, पैसे घेईनात, शेवटी आम्ही बेसनाचे लाडू दिले.

हायवेच्या रेस्ट एरियात मात्र झोपू नका. पंधरा मिनिटं पाय मोकळे करायला ठीक, पण रात्री चोऱ्या होतात, ओळखीच्या एकांची लोक आत झोपलेले असताना पुढची काच फोडून बॅग नेली. टोलनाक्यावरून बाहेर पडा, पाच-दहा किलोमीटरवर कुठलंतरी गाव आणि त्याची एर सापडतेच.

टनभर

रेडिंगकर, रात्रीच्या आधी वजनाचं बघा. २०१६ चं लायसन्स म्हणजे तुम्हाला ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालेल, वरची असेल तर सी१ हा लायसन्सचा वेगळा वर्ग लागतो. सहा बर्थची गाडी रिकामीच ३००० च्या वर भरते, त्यात पाच माणसं, सामान, गॅस आणि पाण्याची टाकी गच्च भरली तर शंभरेक किलो एकट्या पाण्याचेच. भाड्याच्या ऑफिसला नक्की विचारा किती किलो भरता येतं. आम्ही प्रवासात टाकी पाव भरलेली ठेवतो, मुक्कामाला पोहोचल्यावर भरतो.

दुसरं, बर्थ सहा म्हणजे सीटबेल्ट सहा असं नसतं हं. बऱ्याच गाड्यांत चारच असतात. आणि मुलाच्या कारसीटला तीन टोकांचा बेल्ट हवा, मागच्या डिनेटला, म्हणजे जेवणाच्या टेबलाभोवतीच्या सीटांना, काही गाड्यांत नुसता कमरेचा असतो. हे आजच विचारा.

टोल: ३ मीटरच्या खाली आणि ३.५ टनापर्यंत क्लास २, उंची ३ किंवा वर गेली की क्लास ३ आणि पैसे बऱ्यापैकी वाढतात. पण ब्रिटनीत टोलच नाहीत, चार पदरी रस्ते सगळे फुकट, तेव्हा कांपासून (उईस्त्रेआमजवळचं शहर) पुढे तुम्हाला फारसा फरक पडणार नाही. साध्या रस्त्याला ८० चा वेग, काही जिल्ह्यांत ९० परत केलाय, पाटी बघा. डिझेलला तिकडे गाझोल म्हणतात, सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त पडतं, फक्त पंपाच्या छताची उंची बघून शिरा.

रेडिंगकर

बापरे, बेल्टचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्या सकाळी फोन करतो. नांतवासी, फारच मोलाचं लिहिलंत, चारच्या आतचा नियम आमच्याकडेही लागू. आता पुढचे प्रश्न. टॉयलेटची टाकी, वापरलेलं पाणी हे सगळं कुठे आणि कसं रिकामं करायचं? आणि आईला कुकर लावायचा असतो रोज, गॅस पुरतो का? खायचं सामान इकडून नेलं तर चालतं का?

लेस्टरची_शुभा

आम्ही मागच्या दोन उन्हाळ्यांत सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, त्यामुळे ह्या प्रश्नांना मीच उत्तर देते.

खायचं सामान: इंग्लंडमधून युरोपात जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे दूध, दही, पनीर, तूप सगळं बाद. लहान बाळाच्या दूधपावडरीला सूट आहे. ताज्या भाज्या-फळांनाही सर्टिफिकेट लागतं, केळी, अननस, नारळ असल्या चार-दोन गोष्टी सोडून, तेव्हा मिरच्या, कोथिंबीर, कढीपत्ता घरीच ठेवा. मी डाळ, तांदूळ, पोहे, बेसन, मसाले, लोणचं एवढंच नेते आणि तूप तिथे गेल्यावर लोणी कढवून करते. नॉर्मंडीचं लोणी इतकं सुरेख असतं की सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी अर्धा किलो कढवलं, एरमध्ये आमच्या गाडीबाहेर तुपाचा वास, शेजारच्या फ्रेंच बाई दार ठोकून विचारायला आल्या काय करताय म्हणून. मग त्यांना बेरीसकट चमचाभर दिलं साखर घालून.

कुकर: तीन लिटरचा छोटा न्या, मोठा त्या शेगडीवर नीट बसत नाही. वरण-भात एकाच वेळी डब्यांत लावायचा. स्वयंपाक करताना छताची खिडकी उघडी ठेवायचीच, सगळं बंद करून कुकर लावायचा नाही. इंग्लंडचं सिलिंडर फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही, जोडणीही वेगळी, तेव्हा गाडी घेतानाच दोन्ही सिलिंडर भरलेली आहेत ना हे उचलून बघा. पंधरा दिवसांना दोन पुरतात, आम्हाला पुरली. फेरीत चढताना गॅस बंद करायचा.

वीज: एरमध्ये किंवा कॅम्पसाइटला मिळणारी वीज पुष्कळदा ६ अँपियरची असते, घरची ३ किलोवॉटची किटली लावली की खटका पडतो आणि तो खटका बाहेरच्या खांबावर, कधीकधी कुलपात. चहा गॅसवरच करा. दोन पिनांचा फ्रेंच ॲडॉप्टर बरोबर ठेवा.

टाकी: तुम्हाला दोन टाक्या असतात. हातधुण्या-भांड्यांचं पाणी, ते करडं पाणी, गाडी जाळीवर आणून खालचा नळ उघडायचा. टॉयलेटची कॅसेट बाहेरच्या दारातून ओढून काढायची, चाकं असतात, ढकलत न्यायची. हे सगळं जिथे होतं त्या यंत्राला 'बोर्न' म्हणतात, पाणी भरायचा नळ तिथेच. काही बोर्नना नाणं लागतं, काहींना 'जतों' म्हणजे टोकन, ते गावातल्या टुरिस्ट ऑफिसात किंवा बेकरीत मिळतं. एका गावात बेकरीवाल्या बाईंनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून काढून दिलं होतं, दोन घ्या म्हणाल्या, रविवारी मी बंद असते. एका टोकनात साधारण शंभर लिटर येतं, पण टायमर चालू होतो म्हणून आधी पाइप जोडा, मग टोकन टाका.

आणि हे कळकळीने सांगते, कॅसेट धुवायचा नळ आणि प्यायच्या पाण्याचा नळ वेगळे असतात. प्यायच्यावर 'ओ पोताब्ल' लिहिलेलं असतं. लोक घाईत कॅसेटचं तोंड चुकीच्या नळाला लावतात, मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून आम्ही नळ आधी पुसतो, अर्धा मिनिट वाहू देतो आणि मगच आपला पाइप लावतो. प्यायला तरी मी सासू-सासऱ्यांना बाटलीचंच दिलं.

आई-बाबांसाठी आणखी एक, वर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बेडला शिडी असते, गुडघे गेलेल्या माणसाला ती नकोच. खालचा कायमचा बेड त्यांना द्या. रोज एर करू नका, दर तिसऱ्या दिवशी म्युनिसिपल कॅम्पसाइट घ्या, 'काँपिंग म्युनिसिपाल', गावाचीच असते, स्वस्त, गरम पाण्याची प्रशस्त अंघोळ, आणि तिथे खुर्च्या मांडायला कोणाची हरकत नाही. सासरे झाडाखाली खुर्ची टाकून बसले की मला वाटायचं पैसे वसूल. जूनमध्ये बुकिंग न करताही मिळते सहसा. जुलै-ऑगस्ट असता तर मी म्हटलं असतं सगळं आधी करा.

समुद्रवेडा

जून छान निवडलाय. पश्चिम ब्रिटनीत तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो. फक्त ६ जूनच्या आसपास नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जाऊ नका, दुसऱ्या महायुद्धात १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य इथे उतरलं त्याचा स्मृतिदिन, रस्ते बंद, सगळ्या एर भरलेल्या. १० नंतर गेलात तर निवांत. आरोमांशला ओहोटीची वेळ बघून जा, ह्याच दोस्त राष्ट्रांनी बांधलेल्या कृत्रिम बंदराचे काँक्रीटचे ठोकळे अजून पाण्यात आणि वाळूत पडलेत, ओहोटीला त्यांच्याजवळ चालत जाता येतं आणि ते केवढे अजस्र आहेत ते तेव्हाच कळतं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक ह्या किनाऱ्याला रोज बघायचं. तिथे भरतीला आकडा असतो, २० ते १२०, ९० च्या वर म्हणजे मोठी भरती. मों-सें-मिशेलच्या आखातात मोठ्या भरतीला पाणी १४ मीटरच्या आसपास चढतं, मुंबईला पाच मीटरची भरती आली की बातमी होते, त्यावरून अंदाज करा. मोठ्या भरतीचा दिवस साधता आला तर नक्की साधा. तिथे मोटरहोमचं पार्किंग डोंगरापासून अडीच किलोमीटरवर आहे, वेगळा भाग आहे, रात्रही काढता येते पण महाग. शटल बस फुकट, बाबा आरामात जातील. वर मठापर्यंत मात्र साडेतीनशे पायऱ्या आहेत, बाबांना खालच्या तटावरच बसवा, पाणी येताना तिथूनही दिसतं.

सें-मालोच्या तटबंदीच्या आत गाडी न्यायचा विचारही नको, बाहेरच्या पार्किंगला लावून बसने या. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा फ्रेंच सेनानी ला बूर्दोने ह्याच गावचा. आणि वेळ उरला तर खाली लोरियां करा, ते शहरच मुळात फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने १६६६ मध्ये जहाजं बांधायला वसवलं, फ्रेंचमध्ये लोरियां म्हणजे पूर्व, नावातच पूर्व आहे. पाँडिचेरी, चंद्रनगरची जहाजं तिथूनच निघायची. समोरच्या पोर्त-लुईच्या किल्ल्यात कंपनीचं म्युझियम आहे, आपल्याकडचं कापड, मसाले, जहाजांचे नकाशे. मी तिथे तीन तास होतो.

कोणी न्वारमूतिए बेटाला जा म्हणाल्यास पुलावरून जा. ते 'पासाज द् ग्वा' म्हणून चार किलोमीटरचा रस्ता आहे तो भरतीला पाण्याखाली जातो, ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास एवढाच उघडा. भाड्याची गाडी खाऱ्या पाण्यातून नेऊ नका, पण काठावर गाडी लावून रस्ता बुडताना नक्की बघा, मध्येमध्ये उंच खांबांवर मचाणं आहेत, अडकलेल्यांनी चढून बसायला.

रेडिंगकर

ब्रिटनीच आता भरगच्च झाली. बायको विचारतेय की ह्याच ट्रिपमध्ये दक्षिणेचा किनाराही होईल का, मार्सेय-नीस? बाबांची फार इच्छा आहे मार्सेय बघायची, ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीवरून उडी मारली ते बंदर.

नांतवासी

पंधरा दिवसांत दोन्ही नका करू. ब्रिटनीतून मार्सेय म्हणजे हजाराच्या वर किलोमीटर, मोटरहोमने दोन पूर्ण दिवस जायला आणि दोन यायला, बाबांचे पाय सुजतील. शिवाय भूमध्य समुद्राच्या बाजूला मोटरहोमला नियम कडक आहेत, दांडे जास्त, एर कमी आणि महाग, चोऱ्याही जास्त, तिकडे रात्री मी फक्त कॅम्पसाइटलाच राहतो. बाबांची इच्छा मोडू नका पण. परत गेल्यावर गाडी देऊन टाका आणि त्यांना विमानाने दोन दिवस मार्सेयला न्या, जुन्या बंदरापासून ज्योलिएतच्या धक्क्यांपर्यंत ट्राम-बस आहे, गुडघ्यांना त्रास नाही. आणि त्यांचा शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून घ्या, दोन एंट्रीचा मागा म्हणजे दोन्ही होईल.

रेडिंगकर

सकाळी फोन केला. टनभर, तुमचं खरं निघालं, बर्थ सहा पण पट्टे चारच, आणि बुकिंगच्या पानावर ह्याचा उल्लेख कुठेही नव्हता. गाडी बदलून घेतली. आता पाच पट्टे, तीन टोकांचे, ३५०० किलो, उंची २.९, मागे खालीच कायमचा बेड. फेरी ११ जूनची केली. काँपिंग-कार पार्कचं कार्ड मागवलं, फ्रान्स पासिओंची वर्गणीही भरली, आणि बाबांना व्हिसाचा फॉर्म पाठवलाय, दोन एंट्रीचा. शुभाताई, आईने विचारलंय की तिकडे लोणी मिठाचं घ्यायचं का बिनमिठाचं?

लेस्टरची_शुभा

बिनमिठाचं, पाकिटावर 'दू' लिहिलेलं असतं. 'दमी-सेल' म्हणजे खारट, ब्रिटनीत तेच जास्त मिळतं, तेव्हा नॉर्मंडीतच घेऊन कढवून ठेवा म्हणावं.